आधी मोटार, मग पाणी

भालकीत माझं मोटारी बांधायचं दुकान आहे. बांधायचं म्हणजे जळून काळं पडलेलं वाइंडिंग उपटून काढायचं आणि नवी तांब्याची तार भरायची. होळी झाली की दुकानापुढं पाणबुडी मोटारींची रांग लागते आणि प्रत्येक मालकाची फिर्याद तीच: कंपनीनं फसवलं, माल हलका निघाला. गिऱ्हाईक आहे म्हणून मी मान हलवतो. इथं लिहिताना मान हलवायची सक्ती नाही. तर ऐका. बहुतेक वेळा कंपनीचा काही दोष नसतो. मोटार जिथं सोडली होती तिथं ती जळणारच होती.

आमच्या बिदर जिल्ह्यात बोअर मारण्याआधी काय काय पाहतात! वार पाहतात, वास्तू पाहतात, पाणाड्याची वेळ पाहतात. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो आणि नारळ उभा राहिला की 'मारा इथं' म्हणतो. 'कुठंच मारू नका' असं नारळानं सांगितल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मग गाडी येते, रात्रभर धडधडते, सकाळी सगळ्या शिवारावर दगडाची भुकटी पसरलेली असते. गाडीवाला फुटावर पैसे घेतो. ज्याची कमाई फुटावर, तो थांबा कशाला म्हणेल?

'सहाशे फूट मारली' असं सांगताना माणसाचा चेहरा बघावा. घराण्याची इभ्रत खोलीवर मोजायची पद्धत आमच्याकडं नव्यानं पडली आहे. मी विचारतो, अप्पा, झिरा कितव्या फुटावर लागला? एक लागला की दोन? भाद्रपदात पातळी कुठं असते आणि वैशाखात कुठं उतरते? तासाला लिटर किती येतं? अप्पा गप्प. त्यांना एकच आकडा पाठ असतो, गाडीवाल्यानं सांगितलेलं 'तीन इंच पाणी'. ते तीन इंच श्रावणातलं. त्यावर साडेसात एचपीची मोटार घेतली जाते, बोअरच्या बुडाशी सोडली जाते आणि फाल्गुनात ती गाळात तोंड खुपसून बसते. मग रांग माझ्या दारात.

आता थोडं यंत्राबद्दल. फी घेत नाही, मन लावून वाचा.

पाणबुडी मोटार पाण्यात असते म्हणून आपोआप थंड राहते, हा समज गावोगाव आहे. तिच्या अंगावरून पाणी वाहत गेलं तरच ती थंड राहते. रचनेत पंप वर असतो आणि मोटार त्याच्या खाली. झिरा मोटारीच्याही खाली असेल तर पंपाकडं जाणारं पाणी मोटारीला घासून वर चढतं. पण झिरा वर आणि मोटार बुडाशी, असं झालं की पाणी वरूनच पंपाच्या तोंडात शिरतं आणि खाली मोटार कोंडलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात तापत राहते. पाण्यात बुडूनही जळते ती अशी. मोटारीभोवती एक नळी चढवली की पाण्याला खालून वळसा घेऊन यावं लागतं आणि प्रश्न मिटतो. एका जळलेल्या मोटारीच्या खर्चापुढं त्या नळीचा खर्च काहीच नाही. मी सुचवतो, माणूस म्हणतो, 'पुढच्या वेळी बघू.' पुढची वेळ येतेच.

पाइपाचं तेच. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून ढकलायचं म्हटलं तर घर्षण दुप्पट-चौपट होत नाही, बत्तीसपट होतं. हे कुठल्याही पॉलिटेक्निकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात सापडेल. दुकानदार सव्वा इंची गुंडाळी देतो कारण ती स्वस्त, शेतकरी घेतो कारण ती खांद्यावरून नेता येते, आणि पाणी कमी पडलं की निदान ठरलेलं: मोटार लहान पडली, मोठी टाका.

मोठी टाका! पाणबुडीच्या आधी विहिरीच्या काठावर पंप असायचे, तेव्हाही हाच मंत्र होता. वाकून पाणी ओढणारा पंप मुळात ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर ढकलू शकते. बिदर सहाशे मीटरच्या वर, म्हणजे इथं कागदावरसुद्धा साडेनऊच्या आसपास, आणि फूटवॉल्व्ह, वाकणं, गळती धरून हाती येतात सहा-सात मीटर. पाणी त्याखाली गेलं की काठावरचा पंप कोरडा फिरणार. पन्नास एचपीचा आणला म्हणून काही बिदरची हवा जड होत नाही. लोकांनी काय केलं? विहिरीच्या पोटात कपारी खोदल्या, पंप खाली उतरवला. पाणी आणखी उतरलं, पंप आणखी उतरवला. पाणी का उतरतंय, हा प्रश्न कपारीत बसूनही कुणाला सुचला नाही.

त्यात सरकारची कृपा. कर्नाटकात २००८ पासून दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट. शेतकऱ्याला मदत करू नका असं मी म्हणत नाही, मीही शेतकऱ्याचाच पोरगा. पण फुकट झाल्यावर हिशेब मेला. शंभर मीटरवरून सेकंदाला एक लिटर पाणी उचलायला, सगळं यंत्र आदर्श असलं तरी, एक पूर्णांक तीन दशांश एचपी लागते. आपल्याकडच्या निम्म्या कार्यक्षमतेच्या जोडणीत अडीचच्या वर. हा हिशेब बिलावर दिसला असता तर माणूस दोनदा विचार करून उसाला पाणी सोडता. बिलच नाही. वर थ्री-फेज ठरावीक तासच येते, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो जोडलेला. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळतं, करंट चढतो, आणि कुणाची ना कुणाची वाइंडिंग धूर सोडते. शेजारच्याशी बोलून अर्धा तास मागंपुढं चालू करायचं म्हटलं, तर भावकीत बोलणं नसतं.

या सगळ्यावर मला खरी चीड आणली ती माझ्या भाच्यानं. पोरगा कोथरूडला राहतो, संगणकात काम करतो, आणि दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगतो. तीनेकशे लिटरची. आत समुद्री मासे आणि मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ ठेवत नाही. आपल्या समुद्रातले ते सगळे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला आहेत. मी गेलो तेव्हा टाकीत पाणीसुद्धा नव्हतं. भाचा कागदावर टाकीचं चित्र काढून त्यात बाण आखत बसला होता. मी म्हटलं, 'अरे, पंप आण आणि सोड एका कोपऱ्यात.' त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी गिऱ्हाइकांकडं पाहायला हवं होतं.

'मामा,' तो म्हणाला, 'प्रवाळाला पाय नाहीत. खाणं, प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्यानं न्यायचा आणि घाण पाण्यानंच न्यायची.' म्हणून त्याच्या टाकीत दर तासाला टाकीच्या वीस ते चाळीसपट पाणी हलतं, म्हणजे तीनशे लिटरला सहा ते बारा हजार लिटर. पण नुसता जोर कामाचा नाही. पंपाचा झोत थेट प्रवाळावर आला तर मांस सोलून निघतं, वाळूवर आला तर तळ उघडा पडतो, आणि खडकामागं पाणी थांबून राहिलं तर तिथं घाण साचून सडते. समोरासमोरच्या भिंतींवर दोन पंप, आळीपाळीनं चालणारे, म्हणजे पाणी एकसुरी वाहत नाही. एखाद्या लांबट टाकीत सगळं पाणी गोल फिरवायचं, वरून एका दिशेला आणि तळाशी उलट दिशेला. खडक आधी रचायचे तेही प्रवाह पाहून, भिंतीला टेकवून नाही. खाली कपाटात दुसरी टाकी, तिथून परतीचा पंप. आणि वीज गेली तर? परतीच्या नळीतून पाणी उलटं खाली ओढलं जाऊन दिवाणखाना भिजेल, म्हणून त्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक, हवा शिरून ओढ तुटावी यासाठी. शिवाय खालच्या टाकीत तेवढ्या पाण्याची मोकळी जागा. झडपेवर विसंबायचं नाही, झडपेत शेवाळ अडकतं.

काचेच्या डब्यातल्या चार प्रवाळांसाठी एवढं. आधी प्रवाह, मग पंपाची जागा, मग पंपाचा आकार, शेवटी पाणी. आणि आमच्याकडं अख्ख्या जिल्ह्याच्या पोटातल्या पाण्यासाठी काय? आधी नारळ.

बरं, ही अक्कल आमच्या मातीत कधी नव्हतीच, असं म्हणून सुटकाही नाही. होती, आणि ती पायाखाली आहे.

बहमनी सुलतान अहमदशाह वलीनं पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. त्याच्या दरबाराचं इराणातल्या किरमानकडच्या सूफी शाह नियामतुल्लांच्या घराण्याशी नातं जडलं होतं. त्यांच्या मुलाची, खलीलुल्लांची चौखंडी आजही बिदरबाहेर अष्टूरच्या वाटेवर उभी आहे. किरमान म्हणजे करेजचा, जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं पाणी आणायच्या तंत्राचा मुलूख. बिदर शहर बसलं आहे जांभ्याच्या पठारावर. कोकणातल्या पाहुण्यांना जांभा फक्त आपलाच वाटतो, तो इथंही आहे, काही ठिकाणी शंभर फुटांपर्यंत. जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन टाकतो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी जांभ्यातून उतरतं, मातीशी अडतं आणि आडवं सरकू लागतं, पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. नानक झिऱ्याला जे वाहतं ते असंच येतं. नरसिंह झरणीच्या भुयारात छातीभर पाण्यातून चालत देवापर्यंत जाता, तेही जांभ्याचंच देणं.

कुठल्या तरी जाणत्यानं हे आडवं सरकणारं पाणी ओळखलं आणि त्याला वाट करून दिली. उंचावर एक मूळ विहीर, तिथून जमिनीच्या पोटात अगदी मंद उताराचा बोगदा, आणि वर ठरावीक अंतरावर उभे आड, म्हणजे उसासे. खोदताना माती काढायला, मग हवेला, पुढं गाळ उपसायला. मोटार बांधणाऱ्याच्या नजरेनं मला यातल्या उताराचं सगळ्यात जास्त कौतुक. उतार जरा जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. अंधारात, दिव्याच्या उजेडात, किलोमीटरच्या किलोमीटर तो उतार राखायचा. बिदरमध्ये नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा तीन रेषा सांगतात. त्यातला नौबादचा करेज दोन-तीन किलोमीटरांचा, वीसच्या वर उसाशांचा. जमना मोरी जुन्या शहराच्या गल्ल्यांखालून पाणी वाटत गेलेली. हे तंत्र एकट्या बिदरचंही नाही. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर, बुऱ्हाणपुरात सतराव्या शतकातला कुंडी भंडारा, आणि पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेला नळ, ज्याचे उच्छ्वास शहरात ठिकठिकाणी उभे राहिले. कात्रजच्या नळाला धरणाचं पाणी आणि करेजला जमिनीतलं, एवढा फरक. बाकी दोघांचाही चालक एकच, उतार.

आणि करेजची खरी हुशारी अशी की त्याला लोभ करता येत नाही. पाण्याची पातळी बोगद्याच्या तळाखाली गेली की तो थांबतो. वरून पाऊस झिरपला की पुन्हा वाहू लागतो. त्याला कोरडं फिरता येत नाही, त्यामुळं त्याची वाइंडिंगही जळत नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं असलं यंत्र म्हणजे दिवाळखोरीच.

मग आपण काय केलं? त्याच रेषेच्या आजूबाजूला बोअर मारल्या. हे नीट समजून घ्या, कारण 'बोअरनं पाणी उपसलं म्हणून करेज आटला' एवढंच सांगून लोक थांबतात. उपशाइतकंच घातक ते भोक आहे. जांभ्यातलं पाणी ज्या चिकण मातीवर अडून राहिलेलं असतं, तिलाच बोअर आरपार छेदते. गाडीवाला केसिंग टाकतो ते फक्त माती ढासळू नये म्हणून, कठीण दगडाला टेकलं की थांबतो. केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटनं बुजवायची तर तेवढ्यानं खर्च वाढतो, मग सोडून देतात. त्या फटीतून वरचं पाणी खालच्या दगडाच्या भेगांत गळत राहतं. मोटार बंद असतानाही. बोअर कोरडी गेली, तिच्यात मोटार कधी बसलीच नाही, तरी ते भोक काम करतच राहतं. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवून लोक पुढच्या नारळाकडं वळतात, आणि शेकडो वर्षं एका थरावर टिकलेलं पाणी त्या दगडाखालून निमूट निघून जातं. एका वस्तीत अशी किती भोकं असतील याची मोजदाद कुणी करत नाही, कारण मोजली की उत्तर द्यावं लागेल.

त्यावर कळस म्हणजे प्लॉटिंग. नौबादच्या बाजूला शहर वाढलं, ले-आउट पडले, आणि उसासा दिसला की तो खड्डा समजून भरला गेला, नाहीतर कचराकुंडी झाला. जांभ्यात शौचखड्डा खणला की तो फारसा भरत नाही, मालक खूश असतो. भरत का नाही, म्हणजे कुठं जातं, हे विचारायची रीत नाही. ज्या सच्छिद्र दगडानं पावसाचं पाणी आत घेतलं तोच दगड तुमची घाणही आत घेतो आणि त्याच उतारानं पुढं नेतो. सहाशे वर्षांपूर्वी खोदणाऱ्यानं जी वाट पिण्याच्या पाण्यासाठी आखली, तिच्यात आपण मैला सोडला आणि वर रस्त्याला 'हेरिटेज' नावाची कमान उभारायच्या गोष्टी करतो.

वारसावाल्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. २०१४ साली बिदर शहर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत आलं, त्याच वर्षी दख्खनी सुलतानांची स्मारकं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. केरळातल्या चित्तूर सरकारी महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी वर्षानुवर्षं येऊन उसासे मोजत, बोगद्यांत उतरत, नकाशे काढत राहिले. त्यांच्यापुढं टोपी काढतो. २०१५-१६ च्या सुमाराला नौबादच्या करेजमधून गाळ उपसला गेला, तेव्हाचे जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी त्यात मन घातलं, आणि पाणी दिसलं. त्या उपशाचे फोटो छापून आले, भाषणं झाली. पुढं? करेज स्मारक झाला. कठडा, पाटी, सेल्फी. पाण्याची यंत्रणा म्हणून तो कुणाच्याच खात्यात बसत नाही. पुरातत्त्वाला दगड दिसतो, पर्यटनाला तिकीट, पाणीपुरवठ्याला टँकर. गाळ काढणं म्हणजे माझ्या भाषेत जळलेली मोटार बांधून देणं. बाहेर बोअरचं भोक तसंच ठेवलं तर ती पुन्हा येणार.

ज्या इराणातून हे तंत्र आलं तिथं कायदा होता. करेजच्या भोवती एक सीमा, तिला 'हरीम' म्हणत. त्या सीमेच्या आत दुसऱ्यानं विहीर खोदायची नाही. अल-करजी नावाच्या गणितज्ञानं हजारेक वर्षांपूर्वी जमिनीतलं पाणी काढण्यावर ग्रंथ लिहिला, त्यात या हरीमचीही चर्चा आहे. मऊ मातीत सीमा किती, कठीण जमिनीत किती, याचा विचार तेव्हा झाला होता. पुढं विसाव्या शतकात इराणातही खोल बोअर आल्या आणि कितीतरी करेज कोरडे पडले, तेव्हा ते फार शहाणे असंही नाही. आपल्याकडं हरीम नाही असं मात्र समजू नका. महाराष्ट्रानं १९९३ साली आणि कर्नाटकानं १९९९ साली कायदा केला, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको. २०११ साली कर्नाटकानं भूजलासाठी आणखी एक कायदा केला. कायदे भरपूर. करेज मात्र स्मारक आहे, स्रोत नाही, मग पाचशे मीटर कुठून मोजणार? एक शब्द कागदावर चढवायचा राहिला आणि तेवढ्यात पठाराला चाळण पडली.

आता दुसऱ्या सीमेचं, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, झहीराबाद, नारायणखेड आंध्रात. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ पासून. मी मराठी शाळेत शिकलो, माझ्या दुकानाच्या पाटीवरून मलाही बोलणी बसलेली आहेत, त्यामुळं मला या प्रश्नाची चेष्टा करायची नाही. पण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. मांजरा बीडच्या बालाघाटातून निघते, लातुरातून आमच्याकडं येते, पुढं तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. तिच्या काठच्या पाषाणातल्या भेगा कुठल्या आयोगानं वाटून दिल्या? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. देशभर फोटो छापले गेले. लातूर भालकीच्या शेजारचं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या बोअरही खरवड ओढत होत्या. तेव्हा पाटी कुठल्या भाषेत हवी यावर एसटी अडवणारे लोक पाण्यासाठी दोन राज्यांचा एक नकाशा करा म्हणून कधी रस्त्यावर बसलेले मी पाहिले नाहीत. बोअरची गाडी मात्र दोन्हीकडं बिनविरोध फिरते. तिला कुणी काळं फासत नाही.

शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातले, आळंदकडचे लोक म्हणतील, तुमचं बिदरचं रडगाणं आम्हाला कशाला. खुशाल म्हणा. तुमच्या जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्वेला तर चुनखडी आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत जी शहाबादी फरशी पायाखाली असते, ती तिथली. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली, प्रवाळ नावाचा प्राणी जन्माला यायच्याही आधीची. भाच्याला हे सांगितलं तर त्याला आनंद झाला, म्हणाला, 'मामा, मग तुमच्या शेजारचाच जिल्हा खरी समुद्री टाकी.' मस्करी कळली, पण चुनखडीत पाणी भेगांतून आणि पोकळ्यांतून धावतं, तिथं बोअर कुठं मारायची आणि मोटार कितव्या फुटाला सोडायची हे नारळानं ठरवणं म्हणजे आणखीनच जुगार. आणि कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर काळ्या मातीतल्या ओलीवर येते. तिचा डंका पिटायचा आणि बोअरचं पाणी उसाला सोडायचं, हे फक्त पुढाऱ्यांनाच जमतं असं नाही, माझ्या गिऱ्हाइकांनाही जमतं.

मला कुणी सल्लागार समितीवर घेणार नाही, घेतलंच तर चहा पिऊन येईन. म्हणून इथंच सांगून टाकतो. बोअर मारली की गाडीवाल्यानं झिरा कितव्या फुटाला लागला, कुठला थर कुठं बदलला, याची लेखी नोंद देईपर्यंत त्याचे पैसे अडवा. केसिंगच्या बाहेरची फट बुजवा. फेल बोअर दगड ठेवून झाकू नका, तळापासून वरपर्यंत भरा. मोटार वैशाखातली पातळी पाहून घ्या, श्रावणातली नको. स्टार्टरचा ऑटो काढा आणि शेजारच्याशी बोला, भावकी असली तरी. ज्याला हे जमत नाही त्यानं कृपा करून माझ्यापुढं कंपनीला शिव्या देऊ नयेत.

आणि बिदरच्या कचेऱ्यांनी एक काम करावं. करेज स्मारक म्हणून खुशाल मिरवा, पण आधी तो पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत म्हणून कागदावर चढवा. मग सिटी सर्व्हेच्या नकाशावर मूळ विहिरीपासून शेवटच्या उसाशापर्यंत लाल शाईनं रेषा ओढा आणि दोन्ही बाजूंना पाचशे मीटर मोजा. नकाशे तयार आहेत, प्राध्यापकांनी काढून ठेवलेत. रेषा ओढायला एक पट्टी आणि एक कारकून पुरतो. ती इतकी वर्षं का ओढली गेली नाही, हे समजण्यासाठी त्या पाचशे मीटरांत कुणाकुणाचे ले-आउट येतात, त्यांची यादी तेवढी नोटीस बोर्डावर लावा. कन्नडमध्ये लावा, मराठीत लावा, उर्दूत लावा. आम्हाला तिन्ही वाचता येतात.